तुटक्या उपग्रहाची न दिलेली खबर

मी, जलालुद्दीन करीमुद्दीन शेख, वय ७१, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार कुरखेडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावातल्या काहींचे मत वेगळे आहे, ते त्यांनी स्वतःजवळ ठेवावे.

१. घर व दुकान मुलगी अदीबा आणि पुतण्या बिलाल यांनी शरियतच्या हिश्शाने घ्यावे.

२. दुर्बीण, स्टॉपवॉच आणि अकरा वह्या बिलालच्या संमतीने अदीबाला. वह्यांत बिघडलेल्या उपग्रहांच्या नोंदी आहेत. धड उपग्रह संथ सरकतो, तुटका कोलांट्या खात लुकलुकतो. खाली येऊ लागला की तो हिशेबापेक्षा लवकर उगवतो.

३. तीन वर्षांपूर्वी असा एक खाली येत होता, म्हणून मी गावाला सावध केले. मोहफुले वेचायचा हंगाम होता. लोक दोन दिवस जंगलात गेले नाहीत, फुले रानडुकरांनी खाल्ली आणि उपग्रह समुद्रात पडला. चैतू नैतामने भर बाजारात विचारले, "काऊन चाचा, आभाळ कुठी पडलं?" सगळे हसले. चैतूने माझ्या मयतीला येऊ नये.

४. पुढच्या वर्षी दुसरा आला. शेजारची सोमारी मडावी दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, "भाऊ, उद्या मोह वेचाले जाऊन राह्यलो आम्ही. जाऊ ना?" वही माझ्यासमोर उघडी होती. मी म्हणालो, "जा बाई, काही नाई होत." पुन्हा हसे होईल याची भीती होती. पहाटे धातूचा गोळा पडला, तेव्हा तिचा नवरा पत्रू झाडाखाली वाकलेला होता; तो जागीच गेला. मला ठाऊक होते, हे सोमारीला आजही माहीत नाही. ईदला ती शेवया खायला येते.

५. माझी दीड एकर धानाची बांधी सोमारीला द्यावी. वारस नसलेल्याला मृत्युपत्राने मिळकतीचा एक तृतीयांशच देता येतो, त्यात ती बसते. आधी कलम चार तिला वाचून दाखवावे, बांधीचे नंतर सांगावे.

६. सध्या तिसरा खाली येत आहे, बसएवढा मोठा. डॉक्टर माझ्याबद्दल पावसाळ्यापलीकडचे बोलत नाहीत. म्हणून अदीबाने रोज मावळतीला वेळ पाहावी. पाच मिनिटे आधी उगवला की गावभर सांगावे. लोक हसले तर हसू द्यावे.

इथवर लिहून दोन्ही साक्षीदारांसह अंगणात गेलो. आज तो सहा मिनिटे आधी आला. अंजनाबाईंनी विचारले, "आता कोणाले सांगता?" सही करून मी आधी सोमारीच्या दारी जात आहे, मग चैतूच्या.

(सही) जलालुद्दीन क. शेख

आमच्या समक्ष सही केली:
१. रोशन उसेंडी, शिक्षक
२. अंजनाबाई कुमरे, अंगणवाडी सेविका

कुरखेडा, १२ मार्च २०२६