घरामागचा कडा सपाट करू नये म्हणून

मी, एलियास तोवारपिन, राहणार राबाऊल, शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयातला इतिहास-भूगोलाचा निवृत्त अध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती साथ देत नाही, डोकं अजून देतं. दबाव आणायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

१. घर आणि पुस्तकं मुलगी मारिया हिला. कुदळी, फावडी महाविद्यालयाला. विभागप्रमुख वारतोवो यांना काही नाही. भावी शिक्षकांकडून ते सनावळ्या घोकून घेतात आणि उत्तरं आधीच छापून देतात.

२. जमीन मला देता येत नाही. आमच्यात ती आईकडून येते, म्हणून माझ्यामागे ती बहिणीच्या मुलाकडे, हेन्री तोकिआलाकडे जाईल. त्याला घरामागचा कडा सपाट करून दुकान बांधायचं आहे. त्याने बुलडोझरही भाड्याने आणून उभा केला आहे. काल आमची चांगलीच जुंपली.

"मामा, मातीच तर आहे!"

"या मातीपुढे उभे करून मी शिक्षक घडवले, हेन्री."

"घडवलेत ना? मग आता माझ्या पोरांच्या पोटाचं बघू द्या."

तो लबाड नाही. म्हणूनच मला धास्ती वाटते.

३. कड्यात वर १९९४च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाची राख आहे, बरीच खाली १९३७ची, आणि त्याहून खोल जपानी सैनिकांची बिअरची बाटली. निवृत्तीनंतरही दरवर्षी प्रशिक्षणार्थी इथे येतात आणि छातीठोकपणे सांगतात, "सर, बाटली खाली, म्हणजे जपानी सदतीसच्या आधी आले." जपानी १९४२ला आले हे तोंडपाठ असतं, तरीही! यंदा डोंगराळ सिम्बू प्रांतातली डोरिस काउपा कड्याजवळ जाऊन एकेक थर बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "सर, बाटलीच्या वर राखेची रेघ तुटलीय. इथं कुणीतरी नंतर खड्डा खणलाय." मला रडू आलं. ही मुलगी वर्गावर गेली की पोरं तिलाही विचारतील, "बाई, तुम्हाला कसं कळलं?" असं शिकवणं छापील उत्तरांतून येत नाही.

४. म्हणून मला कड्याच्या माथ्यावर पुरावं. मामाच्या थडग्यावर आमच्यात कोणी यंत्र घालत नाही. खड्डा प्रशिक्षणार्थींनी खणावा, थर बघून मनसोक्त भांडावं, मगच मला खाली सोडावं. वारतोवोंनी मागे उभं राहून ऐकावं.

हेन्रीला या कागदाने काही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो. त्याने सही केली, तर 'मला माहीत नव्हतं' असं त्याला म्हणता येणार नाही. तो करेल की नाही, मला ठाऊक नाही. कागद त्याच्यापुढे ठेवत आहे.

राबाऊल, १४ मार्च २०१९
एलियास तोवारपिन (सही)

साक्षीदार:
१. जोनाथन पालनगाट, पाद्री (सही)
२. हेन्री तोकिआला (सही). दोनदा वाचलं. बुलडोझर परत पाठवतो. पण मामा, मरायची घाई करू नका.