गुंतवळाचा डबा

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

दोन आरसे लागतात. एक भिंतीवरचा, एक हातातला. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. भांग कसला, नदीवरचा रुंद अकोट्याचा पूल आहे नुसता! मधोमध टाळूवर तर दिवाच लागलाय. पन्नाशीला अजून दीड वर्ष आहे माझ्या. आईची वेणी सत्तरीतसुद्धा मनगटाएवढी होती. मग हे आलं कुणाकडून?

हे समोरच पेपर वाचत बसले होते. बायको दोन आरसे घेऊन मान वाकडी करकरून कसरत करतेय — एकदा तरी विचारावं, काय गं, काय चाललंय? पान उलटलं आणि म्हणाले, चहा झाला का.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शिक्षिकेला फळ्याकडे तोंड करावंच लागतं, आणि फळ्याकडे तोंड म्हणजे वर्गाकडे टाळू. आज सातवीत कवितेचा अर्थ लिहून देत होते, मागे खुसखुस. वळले तर सगळ्यांची डोकी पुस्तकात! वर पंखा गरगरत होता, त्यामुळे उरलेसुरलेही इकडेतिकडे झाले असणार. बाकीचा अर्थ खुर्चीत बसून तोंडीच सांगितला. पहिल्या बाकावरची म्हणाली, बाई, फळ्यावर लिहा ना. नाही लिहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नयनाचा पुण्याहून फोन. हॉस्टेलवर फोनला रांग असते, त्यामुळे दोन मिनिटांत सगळं. आज तिला सांगायचंच असं ठरवलं होतं. तर तीच म्हणाली, आई, मी केस कापले, खांद्यापर्यंत. धुवायला वेळच नसतो गं! म्हटलं, बरं केलंस.

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. तिच्या वेणीसाठी की माझ्या, कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मला बघायला आले होते तो दिवस सारखा आठवतोय. सासूबाईंनी सगळ्यांसमोर वेणी सोडायला लावली. हल्ली गंगावन लावून फसवतात मेल्या, असं म्हणत खोटे केस नाहीत ना म्हणून चक्क ओढून पाहिली! मी दात दाबून बसले. ओढूनओढून समाधान झाल्यावर म्हणाल्या, पसंत आहे.

हे तेव्हाही काही बोलले नव्हते. पसंती आली ती सासूबाईंकडून, आणि तीही वेणीला. ह्यांचं मत मला आजतागायत कळलेलं नाही. सासूबाई गेल्या, आता वेणीही चालली. मग ह्या घरात माझं म्हणून कोणी काय ठेवून घ्यायचं?

लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे. कोण वाचतंय.

२ मार्च, रविवार

शेजारच्या हंसाबेनच्या नजरेतून काही सुटत नाही. जिन्यात गाठून म्हणाल्या, सुनंदाबेन, टेन्शन नहीं लेवानुं. संध्याकाळी भांगऱ्याचं तेल घेऊन हजर — भांगरा म्हणजे आपला माका. घरी उकळलेलं, हिरवंगार, वास असा की डास पळावेत! वर एक युक्ती सांगितली. विंचरल्यावरचं गुंतवळ फेकायचं नाही, एका डब्यात साठवायचं. "डब्बो न भराय तो समजवानुं के तेल काम करे छे."

चहाचा जुना पत्र्याचा डबा आतल्या खोलीत आरशाखाली ठेवला. लहानसा आहे. झाकण भलतंच घट्ट, चमच्याने उचकटावं लागतं.

ह्यांना म्हटलं, "हा डबा चैत्रगौरीच्या आत भरला ना, तर मी यंदा अहल्यावहिनींकडे हळदीकुंकवाला जाणार नाही. कुठेच जाणार नाही." थोरल्या जाऊबाईंचं हळदीकुंकू मी लग्न झाल्यापासून कधी चुकवलेलं नाही. हसत म्हटलं, पण मनातून खरं होतं.

"हं," म्हणाले.

९ मार्च, रविवार

आठवडाभरात अर्धा डबा! मेंदीने टोकं तांबडी, मुळांशी पांढरे. आत मांजरीचं पिल्लू निजलंय असं वाटतं. झाकण लावून टाकलं.

१७ मार्च, सोमवार

ह्यांना नवीन खूळ लागलंय. सकाळी मी पोळ्या करत असते, हे आतल्या खोलीत तयार होत असतात, आणि हल्ली रोज आतून आवाज येतो — टक्! बूटपॉलिशची डबी. नंदेसरीच्या कारखान्यात त्या ॲसिडच्या वासात ह्यांचे बूट कोण बघतंय? कंपनीची बस सहाला कोपऱ्यावर येते, घोटभर चहा प्यायला वेळ नसतो, पण बुटांना वेळ आहे. नशीबवान हो बूट!

२५ मार्च, मंगळवार

डबा भरत नाहीये!! धुळवडीचा रंग धुताना किती तरी गेले असतील अशी धाकधूक होती. आज उघडला तर अजून अर्ध्यावरच, वर एवढीशी भर. गेल्या आठवड्यातही तेवढंच होतं. मी उगाच मनाचं समजत होते, पण नाही, खरंच कमी झालंय. हंसाबेनला जिन्यातच मिठी मारली. त्या म्हणाल्या, जोयुं ने? बघितलंत ना?

हे आल्या आल्या डबा त्यांच्या नाकासमोर धरला. बघा! बघितला. "छान," म्हणाले. आणि हातपाय धुवायला गेले. महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता आणि त्यावर दोन अक्षरं. तरी आज मी खूश आहे. जेवताना एकटीच गुणगुणत होते.

६ एप्रिल, रविवार

पडायचे थांबले, पण गेलेले थोडेच परत येतात? वहिनींकडे जायचं तर अंबाडा हवा. मंगळबाजारात गेले. दुकानदार अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा विचारतो — अंबोडो के चोटलो, बेन? अंबाडा की वेणी! पदर डोक्यावर ओढून म्हटलं, अंबोडो. सासूबाई, शेवटी गंगावन आलंच हो तुमच्या घरात!

घरी लावून पाहिलं. छान दिसतं, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या समोरून एकदा गेले, मग उगाच पुन्हा एकदा गेले. "पंखा जरा कमी कर," म्हणाले.

१८ एप्रिल, शुक्रवार

वहिनींकडून आले. लिहू की नको? लिहिते. सांगायचं तरी कुणाला?

दांडिया बाजारातल्या त्यांच्या मोठ्या खोलीत गौर झोपाळ्यात बसवलेली, समोर कलिंगडाचं कमळ, आंब्याची डाळ, पन्हं. पंचवीस-तीस बायका. वहिनींची रीत आहे, प्रत्येकीला गजरा त्या स्वतः माळतात. हातात देत नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या हातून माळून घेतलाय, आणि तरी हे मला सुचलं नाही! आकडा खोचायला त्यांनी अंबाडा धरला आणि तो सुटून त्यांच्या हातात आला. त्यांचा हात थांबला. मला मानेवर कळलं थांबलेलं. त्यांनी पटकन दाबून बसवला, आणि गजरा माझ्या तळहातावर ठेवला. "घरी गेल्यावर माळ हं, सुनंदा." अगदी हळू, कुणाला कळू नये म्हणून. वहिनी चांगल्या आहेत. पण खोलीभर मोगऱ्याचा वास आणि सगळ्यांच्या केसांत गजरे, माझा तेवढा हातात.

फुलं न माळता बसलेल्या आम्ही दोघीच. मी आणि कोपऱ्यातल्या येसूबाई मावशी. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मला बघून त्यांनी सरकून शेजारी जागा करून दिली. ते त्यांचं सरकणं मला सोसलं नाही. पन्हं तसंच ठेवून निघाले.

घरी हे बातम्या बघत होते. हातातला गजरा दिसला असेलच. देवापुढे ठेवला. अगदी ओठांवर आलं होतं — अहो, माझे केस गेले! हसा, टकली म्हणा, चार वाईट शब्द बोला, पण बोला. तुम्हांला मी दिसते का? दिसते की नाही तेवढं तरी सांगा.

पानं घेतली. आमटी चांगली झालीय, म्हणाले.

१९ एप्रिल, शनिवार

गंगावन ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

२७ एप्रिल, रविवार

परीक्षेचे पेपर तपासले. बाकी काही नाही. दिवसभरात ह्यांच्याशी बोललेली वाक्यं आठवून पाहिली. सगळी खाण्यापिण्याची होती.

४ मे, रविवार

शाळेला सुट्टी लागली. साफसफाई काढली. हे भाजी आणायला गेले होते, म्हटलं ह्यांची जेवणाच्या डब्याची पिशवीही धुवून टाकू, तेलाचे डाग पडलेत. बाहेरच्या कप्प्यात बसचा पास, आणि पेपरात गुंडाळलेली एक पुडी. ह्या वयात तंबाखू?

उघडली. गुंतवळ.

तांबडी टोकं, पांढरी मुळं. माझंच. मूठभर. काल टाकायचं राहिलं असणार. कप्प्याच्या शिवणीतही केस अडकलेले, आधीच्या पुड्यांचे.

कपाटाखालून पॉलिशची डबी ओढून काढली. आतलं वाळून भेगा पडल्यात, कित्येक महिन्यांत ब्रश लागलेला नाही. बुटांवर कारखान्याची पांढरी भुकटी तशीच.

म्हणजे तेलाचा गुण वगैरे काही नाही. पडतायत, पहिल्यासारखेच पडतायत. आधी रागच आला. मला फसवलं! मी वेडी हंसाबेनला मिठ्या काय मारतेय, ह्यांच्या नाकासमोर डबा काय नाचवतेय! ती पुडी तशीच भिरकावून देणार होते. मग ते आठवलं. डबा भरला तर मी कुठेच जाणार नाही, असं म्हटलं होतं मी. आणि ह्यांचं ते "हं."

घरातल्या केराच्या टोपलीत टाकलं तर मला दिसेल, म्हणून नंदेसरीपर्यंत न्यायचं. रोज सकाळी, मी पोळ्या करत असताना, चमच्याने झाकण उचकटून. तोच तो टक्! थोडं काढायचं, थोडं ठेवायचं, मला संशय येऊ नये इतपत. किती निरखून बघत असतील!

पुडी होती तशी बांधली आणि कप्प्यात ठेवली. पिशवी धुतली नाही.

हे आले. भाजीच्या पिशवीतून दुधी, मिरच्या काढून ठेवत होते. विचारलं, "बूट रोज पॉलिश करता का हो?"

"हो," म्हणाले. "का?"

मिरच्यांकडे बघत होते. कान लाल झाले होते.

"काही नाही," म्हटलं.

५ मे, सोमवार

विंचरलं. गुंतवळ डब्यात टाकलं. झाकण नुसतं वर ठेवलं. दाबलं नाही.