वालूबाई हयात असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत आंबेटेक, ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : 'वालूबाईचा माग' या पुस्तकमालेतील वालूबाई धनगर हयात असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ३/११/२०२५ चा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "व्यक्ती काल्पनिक. समक्ष हजर करणे."

महोदय,

१. मी खाली सही करणार, पिठाची गिरणी चालवतो. रहस्यकथा लिहिणारे निरंजन सर आमच्या घरी अकरा वर्षे भाड्याने राहिले, हे गावाला ठाऊक आहे. मेंढरं राखणारी, पावलांच्या ठशांवरून चोर पकडणारी वालूबाई त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून लिहिली. पुस्तके एकूण एकतीस. सर्व गिरणीत आहेत, पीठ झटकून कोणीही वाचावीत.

२. छापण्याआधी प्रत्येक प्रकरण ते माझी आई चंद्राबाई हिला वाचून दाखवत. आईला अक्षरओळख नाही, पण ती "आसं झालंच न्हाई" म्हणाली की सर ते पान फाडत. एकदा त्यांनी वालूबाईला घोड्यावर बसवले होते, ते आईने उतरवले. नवव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी छापले आहे, "वालूबाईच्या बाबतीत खरे काय, हे फक्त चंद्राबाई ठरवतील." ती ओळ आईने माझ्याकडून किती वेळा वाचून घेतली, त्याला गणती नाही.

३. सर आता बावधनला राहतात. त्यांनी वालूबाई मोबाईलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीला विकली. विकू द्या, त्यांचा माल. परंतु गेल्या महिन्यात कंपनीने जाहीर केले की जुनी एकतीस पुस्तके अधिकृत कथेत धरली जाणार नाहीत. नव्या कथेत वालूबाई लहानपणीच धरणात बुडून मेली आणि सर्व चोर इन्स्पेक्टर दिग्विजय यांनी पकडले. माझी मुलगी सृष्टी हिने हे मोबाईलवर लावले, तेव्हा आई शेजारी लसूण सोलत बसली होती.

४. मी सरांना फोन केला. म्हणाले, अधिकृत काय ते आता कंपनी ठरवते, माझ्या हातात काही नाही. कंपनीचा मला राग नाही, ती परकी आहे. पण अकरा वर्षे आमच्या घरचे ताक प्यायलेल्या माणसाने केसाने गळा कापला, महोदय.

५. खरी अडचण पुढे आहे. तिसऱ्या पुस्तकातील चोरी काल्पनिक नाही. चोरीला गेलेल्या बावीस मेंढरांचा माग आईने तरुणपणी एकटीने सूस गावापर्यंत काढला आणि कळप परत आणला. ते पाहणारे आज कोणी उरले नाही. राहिले ते पुस्तकातच. आता आई रोज विचारते, "जयसिंगा, मी गेलते का रं सूसला? का त्येबी झालंच न्हाई?" मी हो म्हणतो. त्यावर ती म्हणते, "तू माझा ल्योक, तू व्हयच म्हननार. शिक्क्याचा कागद हाय का?"

६. म्हणून हा अर्ज. नोव्हेंबरात आपण पेन्शनवाल्यांना हयातीचे दाखले देतच आहात, त्यात एक जास्त. वालूबाई मेली म्हणावे तर मृत्यूची नोंद नाही, पंचनामा नाही, प्रेत मिळालेले नाही. धरण आपल्याच तालुक्यात आहे, हवी तर चौकशी करावी.

७. आपल्या शेऱ्यानुसार संबंधित व्यक्तीस सोमवार दि. १७ रोजी सकाळी अकरा वाजता हजर करत आहे. ती नाव चंद्राबाई सांगेल, त्यावर अडू नये. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वालूबाईचे उजवे पाऊल छापले आहे, त्याला तीनच बोटे आहेत. सरांनी ते आईच्या पायाला शाई लावून घेतले होते. आपण ताजा ठसा घेऊन ताडून पाहावा. जुळला तर शिक्का मारावा. नाही जुळला, तर ती सूसला गेलीच नव्हती हे आईला आपणच सांगावे. मला ते सांगता येणार नाही.

आपला नम्र, व त्या दिवशी गिरणी बंद ठेवून येणारा,
जयसिंग कोंडाजी मरगळे
दि. १४/११/२०२५

सोबत :
१) नववे पुस्तक, प्रस्तावनेचे पान दुमडून.
२) तिसरे पुस्तक, मुखपृष्ठासह.
३) आई.