तराजूच्या पेटीतला अर्ज

२६ फेब्रुवारी १९५७
गावात जीप आली! उमेदवार पारावर बोलले — निवडून द्या, जूनमध्ये इथेच पाचवी उघडतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नात मंगला यंदा चौथीत. पुढची शाळा प्रकाशा गावात, मधे तापी. पुरात नाव बंद. जावई चुनीलाल सांगून गेलेत, "मामी, चौथी व्हयनी की पोरगी घर लई जासू." पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. माझ्या लेकीला, जमनालाही चौथीनंतरच शाळेतून काढून लग्न लावलं. तेव्हा मी गप्प बसले. एकोणिसाव्या वर्षी मंगलाला माझ्या मांडीवर ठेवून ती गेली. तिच्या जुन्या पुस्तकांवरच मी वाचायला शिकले.

३ मार्च
दुसरे उमेदवार आले, सायकलवर! करणसिंग गुरुजी. मास्तरकी सोडून उभे राहिलेत. ओट्यावर बसून पाणी प्यायले. वचन काही दिलं नाही. विचारलं, "चौथीत मुली किती?"
नऊ, म्हटलं.
"आणि गेल्या सालच्या कुठं आहेत?"
मी आठवत गेले. चार सासरी. बाकीच्या कापूस वेचायला. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

१० मार्च
अर्ज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच ठेवलं — आमच्या गावात पाचवी द्यावी आणि शिकवणारा द्यावा. खाली नाव, गाव.

११ मार्च
मत दिलं. आमच्याच शाळेत. पोरांना सुट्टी, त्यांची चंगळ!
उमेदवारागणिक वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह. शेजारच्या दगूबाईने सगळ्या पेट्यांना कुंकू लावलं. "कोनीबी रुसाले नको!" मी नुसते हात जोडले. जीपवाल्यांची पेटी पहिली, गुरुजींची तराजूची शेवटची. मत तराजूत टाकलं. मागोमाग अर्जही. पेटी लाखेने बंद करून सरकारकडेच नेतात ना!

१३ मार्च
शाळेतल्या लोटन मास्तरांना अर्जाचं सांगितलं. पोट धरधरून हसले. "काकू, ती काय पोष्टनी पेटी शे का? मतं मोजतीन नि कागद फेकी देतीन!"
दिवसभर कुणाला तोंड दाखवलं नाही.

३० मार्च
जीपवाले निवडून आले. गुरुजी पडले. आमच्या गावातून म्हणे त्यांना सातच मतं.
सहा जण कोण असतील?

१४ मे
पाचवी मंजूर! खोटं कशाला लिहू — जीपवाल्यांनी शब्द पाळला. मी मनात उगीच शंका घेतली. दगूबाईने गूळ वाटला. "मन्हा कुंकूनं काम व्हयनं!"

१२ जून
शाळा उघडली. पाचवीची खोली आहे, फळा आहे, मास्तर नाही. दोघांची नेमणूक झाली होती. एकाने पुराची धास्ती घेतली, दुसऱ्याने नंदुरबारातच बदली करून घेतली. लोटन मास्तर एकटे चार वर्ग सांभाळतात, पाचवा कुठे घेणार?

१६ जून
चुनीलाल येऊन गेले. मास्तर नाही तर शाळा कसली, म्हणाले. खरंच बोलले. आठ दिवसांची मुदत मागितली. या खेपेला गप्प बसले नाही, एवढंच.

२२ जून
मंगलाचे कपडे धुऊन घडी करून ठेवले. पाटीही पुसली. ती म्हणाली, "मोठी माय, पाटी आठेच ऱ्हाऊ दे." बरं, इथेच राहील, म्हटलं.

२४ जून
चुनीलाल बैलगाडी घेऊन आले आणि रिकामी घेऊन गेले!
सकाळीच शाळेत नवे मास्तर हजर झाले. सायकल चिखलाने भरलेली. मला बोलावणं आलं. बघते तर करणसिंग गुरुजी! खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझंच अक्षर.
"काकू, मोजणीच्या दिवशी हा माझ्या पेटीत निघाला. साहेबांनी मला देऊन टाकला. म्हटलं, अर्ज मलाच केलाय, तर मलाच यायला हवं. पुन्हा मास्तरकी धरली नि हेच गाव मागून घेतलं."