माहूरच्या गाडीतला डबा

ती. अण्णा,

माहूरच्या डोंगरातून तुमच्या ऋतुजाचा नमस्कार. शिबिरातून फोन आला, स्टँडवर या म्हणाले, तेव्हा तुम्ही घाबरला असाल. तसं काही न्हाई. मी बरी हाय आणि लई भूक लागते.

इथं मोबाईल न्हाई, मार्कांचं कुणी विचारत न्हाई. दिवसभर आम्ही पोरंपोरी पाठीवर सामान घेऊन जंगलात फिरतो. संध्याकाळी चूल मांडून आपलं आपण रांधायचं. मी पहिल्यांदा चुलीचं तोंड वाऱ्याकडं केलं आणि सगळ्यांना धुरानं रडवलं. आमचं शिबिर घेणाऱ्या सुनंदाताई पण डोळे पुसत हसल्या.

परीक्षेचा पेपर आठवला की अजून छातीत धडधडतं. पण आता मी ते ताईंना सांगते.

आईचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

मी नांदेडला क्लासला होते तेव्हा तुम्ही रोज हदगावच्या स्टँडवर जाऊन एसटीत माझा डबा ठेवायचात. तो भरलेलाच परत यायचा, तरी तुम्ही कधी रागावला न्हाईत. आता आईचा निरोप आलाय, मी इकडं आल्यापासून तुमचंच जेवण सुटलंय.

म्हणून ह्या पत्रासोबत, मी इकडं आणलेला तोच डबा माहूरच्या गाडीत कंडक्टरकडं दिलाय. आत ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा हाय, सगळं मीच केलंय. खालची भाकर जरा करपलीय, ती आईला देऊ नका.

उद्याच्या गाडीनं डबा परत पाठवा. मी उघडून बघणार हाय.

तुमची,
ऋतुजा