परत गेल्याची तारीख

प्रिय मास्तर,

या नावानं चिडशील, पण लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढत फिरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? तुझा मेसेज मिळाला. आपल्या पाळ्यांच्या ऑनलाइन शीटप्रमाणे तुझे चौऱ्याहत्तर दिवस, माझे एकसष्ट, म्हणजे बाबांजवळ राहायची पुढची पाळीही माझीच. वाचून आधी हसू आलं, मग ताट बाजूला सारलं.

ते शीट आपण दोघांनी मिळून केलं. एक रकाना आल्याच्या तारखेचा, एक परत गेल्याच्या तारखेचा. दुसरी तारीख बॅग उचलून दाराशी आल्यावरच टाकायची, हा नियम तुझा. पहिली बेरीज केली तेव्हा मी बाबांकडे वजा पंचेचाळीस हजार दिवस राहिले असं निघालं. शीट प्रत्येक तारीख १९०० सालापासूनचे दिवस म्हणून मोजतं; माझा दुसरा रकाना रिकामा, त्याला त्यानं शून्य धरलं होतं. फोनवर तू पोट धरून हसलास आणि सूत्र सुधारलंस. दोन्ही तारखा असतील तरच वजाबाकी, एखादी नसेल तर ती ओळ सोडून द्यायची.

ती ओळ अजून सोडलेलीच आहे रे. गेल्या वर्षी तू गेलास त्याच दिवशी मी आले, ती परत गेलेच नाही. या मंगळवारी चारशे एकतीस दिवस झाले. बेरजेत त्यातला एकही नाही. तू मुद्दाम केलं नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण तू खालचा आकडा बघितलास, वरची ओळ बघितली नाहीस, याचा फार राग आला. मीही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर रडले असते. नोकरी गेली तेही कळवलं नव्हतं. शाळेनं तरी किती दिवस वाट बघायची?

बाबा आता मला ओळखत नाहीत. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस, मला गिऱ्हाईक समजतात. कपडे न्यायला आलेय असं वाटून रोज सांगतात, गुरुवारी या. गुरुवारीही तेच. अंथरूण बदलताना मारतात. त्या हातांत अजून ताकद आहे.

मंगळवारी दुपारी ते झोपले होते. मी शीट उघडून त्या रिकाम्या जागी त्या दिवसाची तारीख टाकली. एकसष्टचे चारशे ब्याण्णव झाले. बरं वाटलं. मग या महिन्याची अखेर टाकली, मग वर्षअखेर. आणि लक्षात आलं, मी तर कुठेच जाणार नाहीये. मी बाबांच्या जाण्याची तारीख टाकून बघत होते. त्यातली सगळ्यात जवळची मला आवडली. तेवढ्यात त्यांनी पाणी मागितलं. ग्लास ओठांना लावताना माझा हात जराही थरथरला नाही, याचीच मला भीती वाटते. मास्तर, पाळी कुणाची ते राहू दे. मला त्यांच्याजवळ एकटी ठेवू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी नीघ.

तुझीच,
ताई