तोंडात गेलेली भुकटी

४ ऑक्टोबर
गिळली! थुंकायला हवी होती, पण गिळली मी.

प्रयोगशाळेत चाळणीचं झाकण निसटलं आणि भुकटी थेट तोंडावर. मास्क हनुवटीवर — लेकीचा फोन घेतला होता ना! तोंडाने घ्यायची जुलाबाची लस ती. पोटातल्या आम्लात नासू नये म्हणून पॉलिमरच्या बारीक कणांत बंद केलेली. आजवर फक्त उंदरांनी खाल्लीय. त्यात कण बनवताना वापरलेलं विषारी द्रावक या खेपेतून पूर्ण उडालंय की नाही, ती तपासणी व्हायचीच होती.

कुणाला बोलले नाही. टेबल पुसलं, चूळ भरली.

५ ऑक्टोबर
काही झालं नाही. अजून.

८ ऑक्टोबर
आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मॅडम, त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "पन्नास जण तयार आहेत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा माणसांना देतोय आपण." टाळ्या. मीही वाजवल्या.

हे कण विरघळायला सहा आठवडे लागतात. नव्या मुलींना मीच शिकवते — "हळूहळू, थोडं थोडं सुटत राहतं." आता ते माझ्या आत सुटतंय!

१३ ऑक्टोबर
ताप. एकशे दोन. सांधे ठणकतायत. नवरा म्हणतो, "अंगावर काढू नकोस, डॉक्टरकडे चल." डॉक्टरला सांगू काय?

लेक कुशीत शिरायला आली, तर ओरडलेच तिच्यावर. मेलेल्या जंतूचा तुकडा आहे तो, कुणाला लागत नाही — ठाऊक आहे मला. तरी तिचा पेला वेगळा ठेवला.

१५ ऑक्टोबर
ताप उतरला. धास्ती उतरली नाही.

२६ ऑक्टोबर
मॅडमना सांगून टाकलं! नोकरी गेली तर जाऊ दे. पन्नास जणांच्या पोटात जाणार आहे हे. त्यांच्याही घरी कुणी असेलच की.

मॅडमनी उठून दार लावलं. वाटलं, आता झाडणार. पण एवढंच विचारलं, "ताप कितव्या दिवशी आला?"

"नवव्या."

माझं रक्त त्यांनी स्वतः काढलं.

३० ऑक्टोबर
अँटीबॉडी तयार झाल्यात. लस लागू पडली! पण तपासणीच्या कागदावर दोन रक्तांच्या ओळी होत्या.

"दुसरं रक्त कुणाचं?"

"माझं. जूनमध्ये मुद्दाम लस घेतली मी." मग अगदी हळू — "वेगळी खेप होती, द्रावक पूर्ण उडालेली. पण ताप नवव्याच दिवशी. मी कुठेच लिहिला नाही."

मी चाचणीची नोंदवही उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली.